रिकामी जागा

गुरुवार. भोसरीची सुट्टी.
गल्लीतले पॉवर प्रेस गप्प,
नाशिक रस्त्यावरचे ट्रक तेवढे कामावर.
दस्तगीर मुलाणींचं शटर अर्धं वर
आणि आत मी, त्यांच्या काँप्युटरसमोर,
पत्र्याच्या चुऱ्यात चपला काढू की नको या विचारात.

काम साधं होतं.
पत्र्यावर नग कसे बसवले तर भंगार कमी निघेल
हे सांगणारं एक सॉफ्टवेअर,
कुठकुठल्या लोकांनी नोकऱ्या सांभाळून लिहिलेलं, फुकट.
त्यातल्या चार ओळी माझ्याही.
दापोडीला, माझ्या लिनक्सवर,
चहाला उकळी येईतो बिल्ड होतं.
इथे विंडोज.
इथे तिरकी रेघसुद्धा दुसऱ्या कुशीवर झोपते.

आधी कंपायलर सापडेना.
तो उतरवला मोबाइलच्या नेटवर, पाऊण तास.
मग पायथन दोन निघाले, जुना उडवला.
मग अँटिव्हायरसने नुकती तयार झालेली फाइल
चोर समजून उचलून नेली.
तिला जामिनावर सोडवून आणलं.
दस्तगीरभाई स्टुलावरून बघत होते,
डॉक्टर एक्स-रे उजेडात धरतो तेव्हा नातेवाईक बघतात तसे.
"ह्ये लाल म्हंजे वाईट ना?"
"सगळंच लाल वाईट नसतं."
होतं. सगळंच होतं.

तीनच्या सुमारास आली ती काही केल्या जाईना:
'मुलाणी' सापडत नाही.
कॅश पुसली. फोल्डर पुसलं. पुन्हा पहिल्यापासून.
बेचाळीस टक्के,
आणि 'मुलाणी' सापडत नाही.
अरे, सापडत कसे नाहीत, हे काय, शेजारी बसलेत!

शेवटी ओळीवर बोट ठेवून वाचलं, बालवाडीतल्यासारखं.
सी. युजर्स. मुलाणी.
मग एक रिकामी जागा.
मग ब्रदर्स.
ज्याने ही स्क्रिप्ट लिहिली
त्याच्या गावी नावात जागा सोडत नसावेत.
जागा दिसली तिथे तिला वाटलं, नाव संपलं.
पुढचा ब्रदर्स
कुणाचा तरी वेगळाच हुकूम समजून
तिने बाजूला टाकला.

"युजरचं नाव बदलू या," मी म्हणालो,
"नुसतं दस्तगीर ठेवू. आता तुम्हीच तर आहात."

बोलून गेलो आणि आठवलं.
बाबालाल गेल्या ईदनंतर चाकणला गेला,
दोन प्रेस आणि निम्मी गिऱ्हाइकं घेऊन.
जागेवरूनच बिनसलं होतं म्हणे.

टेबलावर बिलबुकांचा गठ्ठा होता, अजून जुनाच.
दस्तगीरभाईंनी तो उगाच सरळ केला.
"नाव ऱ्हाऊ द्या," म्हणाले. "बाकी काय बी बदला."

बाकी म्हणजे सातशे ओळींची बिल्ड फाइल
आणि तीत अकरा ठिकाणी उघडा पडलेला तो पत्ता.
एकेकापाशी गेलो.
अलीकडे एक अवतरणचिन्ह लावलं, पलीकडे एक.
जागा भरली नाही, पुसली नाही,
आहे तशी दोन्हीकडून धरली.
दुरुस्ती वर पाठवताना एका ओळीत कारण द्यावं लागतं.
लिहिलं: मधे जागा असली तरी नाव एकच समजावं.

सहाला शंभर टक्के.
चाचण्या एकोणचाळीस पास, एक नापास,
तारखेचं काहीतरी आहे, ते पुढच्या गुरुवारी.
पडद्यावर पत्रा उमटला, त्यावर ब्रॅकेट,
एकाच्या खाचेत दुसऱ्याचा कोपरा,
लहान घरात पोरं झोपतात तसे.
भंगार साडेचार टक्क्यांनी कमी.
दस्तगीरभाईंनी ते तोंडातल्या तोंडात किलोत करून बघितलं.

"ह्ये दुसऱ्या काँप्युटरवर बी चालंल?"
"कुठल्या?"
"हाय एक. चाकणला."
टेबलावरच्या चुऱ्यात बोटाने रेघ ओढत म्हणाले,
"त्येनं बी नाव ह्येच टाकलंय."

पेन ड्राइव्हसाठी ड्रॉवर उघडला.
आत नुसती बेअरिंग.