भार टाकून तपासले

क्रू गावात मुलाकडे येऊन दहा आठवडे झाले.
भिंतीपलीकडे बर्नार्ड टनिक्लिफ.
त्याची मोटार बाहेर दवात भिजते,
गॅरेजात आगगाडी.

प्लायवूडवर डोंगर, प्लॅस्टरचा.
भुशाला हिरवा रंग लावून केलेलं गवत.
नखाएवढी माणसं फलाटावर उभी,
एकाची टोपी उडालीय, तो बासष्ट सालापासून ती शोधतोय,
असं बर्नार्ड म्हणाला, असं सूनबाई म्हणाली.

डोंगरामागे गेली की गाडीला धाप लागते.
दिवा पिवळा, मग तांबूस, मग नाहीच.
बर्नार्ड बोटानं ढकलतो, 'सॉरी' म्हणतो. गाडीला.

रूळ पुसून झाले होते त्याचे, स्पिरिटनं, जुन्या बनियननं.
चाकं पुसली. कंट्रोलर नवा आणला, ऐंशी पौंडांचा.
ऐंशी पौंड म्हणजे किती ते मला विचारू नका,
मी गुणाकार करायचं सोडलंय.

तेहतीस वर्षं वायरमन होतो.
कोतूळ सेक्शन, अकरा केव्ही.
खांबावर चढून अकरा हजारांशी अदबीनं वागलो
आणि हे बारा.
बारा! जिभेला लावले तर झिणझिणतील, बस.

त्यानं मीटर लावून दाखवला.
कंट्रोलरपाशी बारा. डोंगरामागेही बारा.
खांदे उडवले त्यानं.
मी मान हलवली, त्याला वाटलं मी हो म्हणतोय.

माझं इंग्रजी फ्यूजपुरतं.
इंजिन उचललं, डोंगरामागे ठेवलं,
दोन बोटांनी धरून ठेवलं,
चाकं गरगरतायत, जायला कुठे नाही,
आणि म्हटलं, आता बघ. मराठीतच म्हटलं.
बारा. नऊ. सहा पूर्णांक चार.

रिकाम्या तारेला कधीच काही झालेलं नसतं, बर्नार्ड.
आमची ढगेवाडी लाइनीच्या शेपटाला.
दुपारी मोजा, दोनशे तीस.
संध्याकाळी सगळी घरं एकदम दिवे लावायची
की बल्बातली तार नुसती लाल, विडीच्या टोकासारखी.
साहेब यायचे ते दुपारी.

सकाळी कुंपणावरून मी विचारतो, हाऊ आर यू.
नॉट बॅड, तो म्हणतो. मीही नॉट बॅड.
दोघांचीही रीडिंगं दुपारची.

जोड सापडायला दोन गुरुवार गेले.
मीटरचं एक टोक जोडाच्या अलीकडे, एक पलीकडे,
सून मुलांना आणायला शाळेत, आम्ही दोघं टेबलाखाली,
गुडघ्यांचे आवाज इंग्रजी-मराठी सारखेच.
इथं काही नाही. इथं काही नाही.
बोगद्याच्या तोंडाशी, एकाच पट्टीत,
पावणेपाच व्होल्ट गिळून बसलेले.
गवत चिकटवताना गोंद आत उतरला होता,
वर हिरवंगार, आत काळं.

खरवडलं. बोटभर तांब्याची तार
जोडाला वळसा घालून डागली.
राळेचा धूर निघाला तसे आम्ही गप्प,
ज्याचा त्याचा वर्कशॉप आठवत.

गाडी सोडली.
इतक्या वर्षांच्या सवयीनं बर्नार्डचा अंगठा
डोंगर येताच नॉब पुरता फिरवून मोकळा.
या वेळी वीज खरंच पोचली.
गाडीनं वळण सोडलं, रूळ सोडले,
थेट चर्चच्या आवारात जाऊन आडवी.
टोपीवालाही गेला, बहुतेक टोपी दिसली असावी.

क्षणभर काही नाही.
मग बर्नार्ड असा हसला
की चहा टेबलावर, चष्मा हातात.

फळीखाली, जिथं कुणी बघणार नाही,
तिथं लिही म्हणाला, पेन्सिल दिली.
खांबाच्या रजिस्टरात लिहायचो तसंच लिहिलं:
जोड क्र. १७ दुरुस्त. भार टाकून तपासले.
का. ल. वाकचौरे, वायरमन.
त्याखाली त्यानं काहीतरी लिहिलं, जोडाक्षरासारखं गुंतलेलं.
मला लागलं नाही. सूनबाईला बोलावलं नाही.

अंगठ्याला मात्र अजून कळवलेलं नाही कुणी.
काल परत चर्च.