तहकूब सभा

पुण्याच्या कॉलेजचं पत्र आलं तेव्हा
अब्बा कात्र्या पाजळत बसले होते.
खरड छाटणी तोंडावर, दारात चौसष्ट कात्र्या,
प्रत्येकीच्या मुठीला बागवाल्याच्या नावाची चिंधी.
"वाच," म्हणाले, चाक न थांबवता.
मी वाचलं: राज्यशास्त्र, चार वर्षं,
काचेची लायब्ररी, एक सहामाही परदेशात.
फीचा आकडा हळू वाचला.
चाक थांबलं.
"निम्मी माफ आहे," मी म्हणाले.
चाक फिरायला लागलं,
पण कितीतरी वेळ हातात कात्री तीच होती.

दुसरं कॉलेज तासगावात, स्टँडपासून सात मिनिटं.
त्याचं पत्र येत नाही.
आपण जायचं, खिडकीत दहा रुपये देऊन फॉर्म घ्यायचा.
गेले. राज्यशास्त्राच्या दाराला कुलूप,
फळीवर खडूनं: सर मतदार यादीच्या कामावर.
शिपाई म्हणाला, बस, डबा इथंच आहे त्यांचा.

पुण्याच्या मुलाखतीत विचारलं होतं,
सार्वभौमत्व म्हणजे काय?
मी पाठ केलेलं सांगितलं. बाई हसल्या. चांगल्या होत्या.
म्हणाल्या, तुझ्यासारखी मुलगी वर्गात हवीच,
तुझ्या गावाबद्दल बाकीच्यांना किती शिकायला मिळेल!
येताना एसटीत कऱ्हाडपर्यंत
मला ते वाक्य छान वाटलं.
कऱ्हाडच्या पुढं नाही.

वाघमोडे सर दीड वाजता आले, काखेत याद्या.
डबा उघडता उघडता विचारलं,
"तुमच्या ग्रामसभेला माणसं किती येतात?"
मला माहीत होतं, आणि सांगता येईना.

कारण सरपंच माझी अम्मी.
चिठ्ठी निघाली इतर मागास महिला,
मग गावानं शोधलं कमी बोलणारं घर.
ग्रामसभा भरते, गणपूर्तीअभावी तहकूब होते,
अर्ध्या तासानं तीच सभा, त्याच जागी,
तिला गणपूर्ती लागत नाही.
संध्याकाळी रजिस्टर घरोघर फिरतं,
पेन दोरीनं बांधलेलं.
शेवटी आमच्याकडं येतं.
अम्मी 'जै' काढते आणि थांबते,
जैतून शिकलगार हे नाव
दुसऱ्या कुणाचं असल्यासारखी.

"अकरा," मी म्हणाले. "चहा असला तर एकोणीस."
सर हसले नाहीत.
यादीच्या कोऱ्या पाठीवर अकरा लिहिलं.
"मोजत जा दर वेळी. कुणी मोजत नाही."
मग भाकरी मोडत, माझ्याकडं न बघता:
"इथं कपाटात पुस्तकं चाळीस. चांगली तेवढी माझ्या घरी.
पुण्याला जा."

म्हणजे जी बोलावत होती, तिथं जावंसं वाटेना,
आणि जे जा म्हणाले, तिथून पाय निघेना.

रात्री वाटलं, अब्बा काही सांगतील,
कात्रीची दोन पाती वगैरे.
त्यांनी चाकाच्या डब्यात पाणी भरून आणायला सांगितलं.

एक मे. झेंडा झाला, मग ग्रामसभा.
फी भरायची मुदतही आज, रात्री बारापर्यंत.
मी वही घेऊन मागच्या सतरंजीवर.
मोजले: नऊ.
मला धरायचं नाही, मला अठरा ऑगस्टात लागतं.
ग्रामसेवक म्हणाले, तहकूब, अर्धा तास.
माणसं तंबाखू मळत पारावर गेली.
अम्मी उठली नाही. माईक पुढ्यात ओढला, तो बंद होता.
तशीच म्हणाली,
"अर्धा तास आहे ना? मग बोलावून आणते."
आणि चपला घालून निघाली.

मी वहीत लिहिलं: दहा पंचवीस.
फोन थरथरला. पुण्याचा. उघडला नाही.
दोरीचं पेन टेबलाखाली लोंबत होतं.

दहा चाळीसला सुतारांच्या बोळातून
तिचा पदर दिसला, मागं बायका,
कुणाच्या हाताला पीठ, कुणाच्या काखेत पोर.
मी मोजायला लागले,
चौदापाशी आकडा चुकला,
पुन्हा पहिल्यापासून.