मेल्याचे साडेचारशे

ओरछ्यात तीस वर्षं मी नवं शिवत आलो.
शाळेचे गणवेश, नवरदेवांचे जामे, बँडवाल्यांचे कोट.
माघात शूटिंगवाले आले आणि म्हणाले,
हल्केभाई, नवं पुरे. आता जुनं करा.

साठ लाल कोट. बटणांवर अजून पातळ कागद.
पाठीवर भाजीची किसणी फिरवायची,
कोपरांना पॉलिशपेपर,
बगलेत मिठाचं पाणी, म्हणजे वाळल्यावर
घाम येऊन गेल्यासारखी पांढरी रेघ उरते.
नव्याचे नऊ दिवस म्हणतात.
माझ्याकडे नऊ मिनिटंसुद्धा नव्हती.
गणेशीच्या टपरीवरून चहा यायचा बादलीने,
बिनदुधाचा, बिनसाखरेचा.
ती रोज विचारायची, एवढा पितं कोण?
अठराशे सत्तावन, मी सांगायचो.

गोळीचं भोक हे मात्र नाजूक काम.
जळती उदबत्ती टेकवायची,
कडा नखाने कुरतडायच्या.
लाल कोटावर लाल रक्त दिसत नाही,
म्हणून त्यात गूळ आणि काजळी.
पंचम रैकवारच्या कोटाला भोक डाव्या बरगडीवर.

पंचम एरवी बेतवेवर नाव चालवतो.
भाव ठरलेले होते:
उभ्याचे साडेतीनशे, पळत्याचे चारशे,
मेल्याचे साडेचारशे,
कारण मेलेल्याला खाजवता येत नाही.
पहिल्या दिवशी तो सहा वेळा मेला.
एकदा मुंगी चावली,
एकदा खिशातला फोन वाजला,
आणि मग कोचीहून आलेली ती अन्सू, हातात फोटोंची चळत:
भैया, मघाशी मेलात तेव्हा उजवा पाय पाण्यात होता.
पंचमने पाय पाण्यात घातला.
पाणी माघाचं होतं.

साहेबांना गिधाडं हवी होती.
गिधाडं छत्रीच्या कळसावर बसलेली, अकरा,
मान आत ओढून.
मटण टाकलं. ते कुत्र्यांनी नेलं.
तीन दिवस वाट पाहिली सगळ्यांनी,
मढ्यांनीसुद्धा, बिडी पाठीखाली लपवून.
एकही खाली उतरलं नाही.

सुखवतीला सांगितलं होतं, घरातलं जुनं काही नेसून ये.
ती आईचा लहंगा घेऊन आली.
दिल्लीच्या बाईंनी तो हातात घेतला, बराच वेळ,
काठावरून अंगठा फिरवला.
म्हणाल्या, सुंदर आहे. पण पडद्यावर खोटा वाटेल.
आणि मी चहात उकळलेला तिला दिला.
आईचा घडी करून ती दिवसभर मांडीखाली घेऊन बसली.

संध्याकाळी रडायचं होतं.
रडायला तिला मिळाला झाशीचा कुणी उंच पोरगा.
सख्खा नवरा दोन मढी सोडून पडलेला,
आणि त्याचा एक डोळा
जरासा
उघडा.
साहेब ओरडले. पुन्हा.
पंचमचे तेवढेच एकदा जास्त मरून झाले,
त्याचे पैसे कुणी दिले नाहीत.

मग गेले सगळे.
मोबाईलच्या टॉवरवरचं फडकं उतरलं,
घाटावरच्या पाटीचा चुना खरवडला.
कोट मोजले, तर एकोणसाठ भरले.
पोरगा वही घेऊन माझ्याकडे बघत राहिला,
मी सुईकडे.

चार दिवसांनी सुखवती आली, पदराखाली गाठोडं.
पहाटे नावेत वारा इथूनच शिरतो, म्हणाली,
आणि भोकात बोट घालून दाखवलं.
मी म्हटलं, रफूचे वीस होतील.
भोक पाडायचे घेतलेस ना?
मग बुजवायचे कसले?

यावर मला काही सुचलं नाही.
दोरा शोधला. लाल मिळाला, पण फारच लाल,
रिळावरून आताच उतरलेला.
गणेशीचा चहा समोर होता. त्यातच बुडवला.
दुधाचा होता.
रंग नीट बसला नाही.