तीन विटा

मे महिना. कन्हान ओलांडून मनसरच्या वाटेवर
एक टेकडी, गावात तिला नुसतं 'रांजी' म्हणतात.
मी आखणारा माणूस. फळी, पेन्सिल, ओळंबा,
डोक्याला ओला दुपट्टा.

झिबल वासनिक ब्रश चालवतो
तेव्हा श्वाससुद्धा बाजूला सोडतो.
मँगनीजच्या खाणीत तीस वर्षं सुरुंग भरलेले हात.
आता तेच हात माती अशी काढतात
की संत्र्याची साल निघावी
आणि एकही फोड दुखू नये.

आधी पायरी लागली. मग चौथरा,
खांबांचे खड्डे,
एका खापरावर चार अक्षरं: कुणाचं तरी दान.
नाव होतं तिथं खापर तुटलेलं.
विहाराच्या गाभाऱ्याला भिंती तीनच.
चौथी गावात गेली होती.

साहेब म्हणाले, यादी करा.
विहिरीच्या काठाला नऊ.
मारुतीच्या पाराला चौदा
("नको लिहू," पुजारी म्हणाला. मी लिहिलं.)
शाळेच्या पायात किती, ते शाळा पडल्यावर कळेल.
तानाबाई गजभियेच्या चुलीला तीन.

बेचाळीस, पंचवीस, सात. माप तेच.
तुटल्या कडेत धानाचा भुसा जळून काळा,
आणि एकीवर कुत्र्याची पावलं,
वीट ओली असताना
कुणी तरी हाड म्हणायला विसरलेलं.

"काहून नेता जी?" तानाबाई म्हणाली.
"बुद्धाची आहे ना? मग इथं काय उपाशी होती?
रोज भात शिजते तिच्यावर."
निळ्या भिंतीला टेकून झिबल
नखातली माती काढत राहिला.
मी टेप गुंडाळला.

पावसाआधी भिंती उभ्या केल्या, कमरेइतक्याच.
त्यावर काय होतं, कुणाला ठाऊक नाही.
कामठीच्या भट्टीतल्या नव्या विटा
जुन्यांपेक्षा बोटभर आत बसवल्या,
प्रत्येकीवर साल कोरलं,
म्हणजे पुढच्या माणसाला आपण फसवलं असं होऊ नये.

चौथ्या भिंतीत तीन जागा मोकळ्या.
साहेबांनी नकाशा उन्हाकडे धरून विचारलं,
"ह्या तुटक रेषा कशाच्या? हरवल्या का?"

मी समासात लिहून दिलं:
तीन विटा. वापरात.