अंगठा

न्यूमार्केटची टेकडी. अजून उजाडायचंय.
सिरिल थर्लो कोटातून बापाचं स्टॉपवॉच काढतो.
त्याचा काटा सेकंदाचे पाचच तुकडे करतो,
माझं यंत्र शंभर.

"एकोणपन्नास साली सॉल्टमार्श,
हाच चढ, हाच पांढरा खांब,
तुझ्या घोडीपेक्षा अर्धा सेकंद कमी."
वहीत शाईनं लिहिलंय. तारखेसकट.

टापा आधी तळव्यांना कळतात,
मग धुकं फाटतं,
नाकपुड्यांचे भाते अंगावरून जातात.
मी आकडा वाचून दाखवतो.
तो ऐकत नाही, घोडीकडे बघत राहतो.

बऱ्याच वेळानं, काच बाहीला पुसत:
"बापाचा फार जीव होता सॉल्टमार्शवर.
खांब यायच्या जरा आधीच
त्याचा अंगठा..."

खाली माझी घोडी वाफाळत उभी आहे.
तिच्या मानेवरून हात फिरवतो.
उद्याही वेळ मीच घेणार.