छपरावर जाण्यास मनाई

मत्रह. बंदरामागची चौथी गल्ली.
तीन मजले, अठ्ठावीस माणसं, दोन मोऱ्या.
स्वयंपाकाला खीमानंद पंत, अल्मोड्याचा.
पहिल्याच रात्री भात वाढता वाढता म्हणाला,
"रत्नागिरीचे? मग आमचेच तुम्ही.
आमचा मूळपुरुष तुमच्या कोकणातून वर गेला,
चंद राजांच्या पदरी."
कधी?
"झाली असतील चारपाचशे वर्षं."
बोलला असा, की परवाच्या लाँचनं गेला असावा.
काय करायचा तिथे?
"कागद लिहायचा."

मी खातू, टाइमकीपर.
पणज्याच्या पलीकडे आमच्याकडे
नावं नाहीत, नुसता समुद्र आहे.
पंताकडे राजे होते,
मिसळणाच्या डब्यात असावेत तसे, हाताशी.

कांदा चिरून होईतो कत्यूरी संपायचे.
डाळीला उकळी येईतो चंद:
त्यांनी खोगिरासारख्या डोंगरावर गाव बसवलं,
बाजाराला दगडी फरशी घातली,
आणि भावाभावांचे डोळे काढले.
मग रोहिले. देवांची नाकं फोडली,
थंडी वाजली, खाली उतरले.
मग गोरखे.

इथे तो सुरी खाली ठेवायचा.

पंचवीस वर्षं.
मागावर कर, तुपावर कर,
कर थकला की पोरं विकायला हरिद्वारला.
आणि एक हुकूम निघाला म्हणे,
बायांनी छपरावर चढू नये.
का, ते कुणालाच ठाऊक नाही.
राज्याला कारण लागत नाही, खातू,
कागद लागतो.

"मग मिरच्या कुठे वाळवायच्या?"
मी सहज विचारलं.
पंत हसला. तेवढंच एकदा.
"हेच विचारलं असेल कुणीतरी.
दंड भरून."

मग साहेब आला. राजाच्या महालात कचेरी थाटली,
झाडांना नंबर घातले.
छपरं परत दिली बायांना,
जंगल काढून घेतलं.
आणि मग?
"मग आपलं राज्य आलं.
मग मी इथे आलो."
वरण खाली उतरवायची वेळ झालेली असायची.

आमच्या गळ्यातली कार्डं आधी हिरवी होती,
मत्रहच्याच एका व्यापाऱ्याची.
त्यानं विकली कंपनी, ती निळी झाली.
यंदा रमजाननंतर करडी.
नव्या मालकाला कुणी पाहिलेला नाही.
त्याचा पहिला कागद जिन्याच्या दाराला लागला,
तीन लिप्यांत:
छपरावर जाण्यास सक्त मनाई. दंड पाच रियाल.

वर पंताची लिंबं होती.
चारेकशे, जुन्या चादरीवर,
अर्धी अजून पिवळट, अर्धी काळी पडत आलेली.
त्यानं तिन्ही लिप्या वाचल्या,
येत एकच असूनही.
हात पुसले.
"आले," म्हणाला.

त्या रात्री तो वर गेला.
मी तिसऱ्या मजल्यावर, चपला हातात घेऊन,
पहाऱ्याला म्हणा, भित्रेपणाला म्हणा.
कठड्याच्या फटीतून किल्ला दिसत होता,
फिरंगी गेले, त्यांना घालवणारेही गेले,
आता त्याच्यावर पिवळे दिवे सोडतात.
डोक्यावर लिंबं घरंगळल्याचा आवाज,
पोकळ, सुकलेला,
आणि मधूनच पंताचं मोजणं, डोंगरी बोलीत.

कुणी सांगितलं, कळलं नाही.
अठ्ठावीस माणसांत एक असतोच.
शनिवारी दंडाचं रजिस्टर माझ्याच टेबलावर आलं.
लिहिलं मी.
नाव: पंत, खीमानंद.
कारण: छप्पर.
रक्कम आकड्यात, रक्कम अक्षरात.

अंगठा नको, सही करतो, म्हणाला.
सही केली.
मग वही स्वतःकडे वळवून
माझ्या ओळीवर बोट फिरवत राहिला बराच वेळ.
"अक्षर सुरेख आहे तुमचं," म्हणाला,
"आमच्या घरी जुने कागद आहेत ना,
त्यांतलं हेच वळण."