तात्पुरतं

रेडिएटर वरून गरम, खालून गार.
आई म्हणते, ताप चढलेल्या पोरासारखं झालंय त्याचं,
कपाळ पेटलेलं, पाय बर्फ.

जानेवारी. टॉडमॉर्डनमधलं दगडी घर,
टेकडीनं दुपारी तीनलाच ऊन काढून घेतलेलं.
दोन कार्डिगनांत आई किटलीपाशी उभी.
मी व्हॅनमधून पाना, बादली, जुने टॉवेल आणते
आणि खालचा नट सैल करते.

आधी एक उसासा.
मग काळं.
पाणी नव्हेच ते. दौत कलंडावी तसं,
आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यात
जड होऊन तळाशी बसत जाणारं.
लोहचुंबक बुडवला,
तो अंगभर काळे केस उगवून वर आला.

"हे माझ्या घरातलं?" आई विचारते,
जणू मी तिच्या झाडलोटीवर बोट ठेवलंय.

नाही गं. रेडिएटरचं लोखंड आतून स्वतःलाच खातं.
थोडी हवा मिळाली की पुरे त्याला.
थोडी. रोज थोडी.

पण हवा येणार कुठून?
घर तर सगळं तांब्याचं, डॅडनं हातानं घातलेलं.
ॲम्ब्रोज क्रॅबट्री, प्लंबर:
ज्याचे सांधे असे चकाकायचे
की गिऱ्हाइकं वर फळ्या ठोकू देईनात.
मी धंद्यात पडले तेव्हा म्हणाला,
"प्लॅस्टिक? ते भातुकलीला ठीक."
माझ्या पहिल्याच कामात मी प्लॅस्टिक घातलं.
कापलं, ढकललं, खट्. झालं.
ना ज्योत, ना फ्लक्सचा वास.
तो बघायला आला, सांधा दोन बोटांनी फिरवला,
सांधा फिरला (तो फिरतोच),
आणि पुढचा आठवडा तो माझ्याशी
फक्त हवामानाविषयी बोलला.

तांबं बोलतं, म्हणायचा.
सकाळी सहाला बॉयलर पेटला
की जिन्याखालून टक्, टक्,
तापलेलं तांबं लांब होत तुळईला कोपर मारायचं.
त्या आवाजावर आम्ही शाळेसाठी उठायचो,
म्हणजे उठायचो नाही, पांघरूण वर ओढायचो.

न्हाणीघराखाली मात्र कधी आवाज नसे.
हे मला आत्ता सुचतंय,
फळी उचकटताना.

खाली धूळ, एक मेलेली गांधीलमाशी,
आणि राखाडी पाइप.

जुन्या वेळचं प्लॅस्टिक,
हवा अडवणारा थर यायच्या आधीचं.
पाणी गळू द्यायचं नाही एक थेंब,
पण श्वास आत घ्यायचं, गुपचूप.
सात फूट. दोन्ही टोकांना त्याचं झळझळीत तांबं
आणि मधे हे.
शेजारी तुळईवर सुताराच्या पेन्सिलीनं,
वळण ओळखीचं, फक्त काना वाकडा गेल्यासारखं:
नोव्हेंबर १९८७. तात्पुरतं.

सत्त्याऐंशी.
त्या वर्षी कप बशीत वाजायला लागला होता
आणि तो बशीला शिव्या द्यायचा.

ज्योत धरवेना म्हणून
आम्ही शाळेत, आई गिरणीच्या कँटीनमध्ये असताना
कापलं असणार त्यानं. ढकललं. खट्.
वर फळी, फळीवर लिनोलियम.
मग पुढची वीस वर्षं
तांब्याच्या बाजूनं माझ्याशी भांडला,
आणि मी, मूर्ख, हरले की चिडायचे.

"सापडलं का काही?" खालून आई.
"हवा," मी म्हणते.

व्हॅनमध्ये दोन्ही आहे, तांबं आणि नवं प्लॅस्टिक.
नवं चांगलं आहे, थर असतो त्यात,
मी रोज तेच घालते, हमी देऊन.
किती वेळ टाचांवर बसून राहिले कोण जाणे.
मग ज्योत पेटवली.
तुळईवरचं ते अक्षर करपू नये म्हणून
मधे ओलं फडकं धरलं.

दुसऱ्या दिवशी सहा वाजून दहा मिनिटांनी फोन.
"घर गरम आहे," आई म्हणाली, कुजबुजत,
"पण न्हाणीघराखाली कुणीतरी ठोकतंय."